पिवळ्या कागदाखालचा चेहरा

१

मकाबे शिझुए सकाळी साडेदहाला टेबलाशी बसायची, थर्मासमधला जवाचा चहा झाकणात ओतायची, चार पेन्सिलींना टोक करायची आणि मगच डावीकडच्या ढिगातलं पहिलं पाकीट उघडायची. ओगिकुबो या उपनगरातल्या त्या तिमजली इमारतीत बावीस वर्षं तिचा हाच क्रम होता. खाली सायकलींचं दुकान, वर चित्रांचा कारखाना. अशा जागी माणूस म्हातारं होतं ते त्याचं त्यालाही कळत नाही.

काम सांगायला सोपं. मासिकात गाजलेल्या मांगाची, म्हणजे चित्रकथेची, दूरदर्शनसाठी हलत्या चित्रांची मालिका करायची. त्यासाठी तिचे हजारो तुकडे पाडायचे. एकेक तुकडा म्हणजे एक कट, आणि एकेका कटाचं एक पाकीट. पाकिटात कुणीतरी पांढऱ्या कागदावर काढलेली चित्रं. दहा जण काढणार म्हणजे दहा हात आले, पण पडद्यावर नायिका एकच दिसली पाहिजे. ते पाहणं हे शिझुएचं काम. चित्र खालून दिवा असलेल्या काचेवर ठेवायचं, वर पातळ पिवळा कागद बसवायचा आणि नाक, डोळा, हनुवटी जिथे चेहऱ्यांच्या ठरलेल्या तक्त्याला सोडून गेली असेल तिथे नव्याने काढायची. पुढची सगळी माणसं तो पिवळा कागद बघून काम करतात. खालचं पांढरं कितीही सुंदर असो, पिवळ्यावर असेल तेच खरं. दुरुस्ती नसेल तर आपल्या आडनावाचा लाल शिक्का मारायचा आणि पाकीट पुढे सारायचं.

त्या दिवशी पहिलंच पाकीट हागिवारा मित्सुयोचं निघालं आणि शिझुएच्या पोटात दुखायला लागलं.

दोघी एकाच वर्षीच्या एप्रिलमध्ये कामाला लागलेल्या. अशा माणसांचं नातं सख्ख्या भावंडांसारखं असतं, म्हणजे प्रेम थोडं आणि मोजमाप फार. मोजमापात शिझुए नेहमी पुढे होती. तिच्या हातात पिवळा कागद आला तेव्हा मित्सुयो अजून दोन चित्रांच्या मधली चित्रं भरत बसली होती. आणि आता मूळ चित्रकथेच्या लेखिकेची, ज्यांना सगळे आदराने इसोगाई सेन्सेई म्हणत त्यांची, चिठ्ठी आली होती. पाकिटांची ने-आण बघणाऱ्या सेगावाने ती सगळ्यांसमोर वाचली. "नवव्या भागात खिडकीपाशी उभी असलेली ओरिए पहिल्यांदाच मला माझी वाटली. ती कोणी काढली?"

ती नायिका मित्सुयोने काढली होती. शिझुएने त्या पाकिटावर फक्त शिक्का मारला होता.

नुसतं कौतुक असतं तर तिने ते कसंबसं गिळलं असतं. पण पुढच्या वर्षी याच चित्रकथेचा, 'निळीचं घर'चा, चित्रपट निघणार होता आणि त्यातल्या चेहऱ्यांचा तक्ता कोण करणार, हे मालिकेचा तेरावा, शेवटचा भाग पाहून सेन्सेई स्वतः ठरवणार होत्या. तक्ता करणाऱ्याचं नाव पडद्यावर एकटं येतं. त्या एका नावासाठी शिझुए बावीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेली नाकं सरळ करत आली होती. ते नाव मित्सुयोचं असावं? कानामागून आली आणि तिखट झाली, त्या मित्सुयोचं?

तिने पाकिटातले कागद बोटांत धरून फडफडवले, म्हणजे चित्र हललेलं दिसतं. रंगाऱ्याच्या घरातली थोरली बहीण ओरिए धाकटीचं लग्न ठरल्याची बातमी ऐकते आणि म्हणते, "छान झालं." कट एवढाच. पण बोलण्याआधी ओरिएच्या ओठाचा डावा कोपरा क्षणभर दाताखाली जात होता आणि सुटत होता.

तक्त्यात असं काही नव्हतं. चित्रकथेतही नव्हतं. शिझुएने पुन्हा कागद फडफडवले, मग पुन्हा एकदा. धाकटीचं सुख थोरलीला कसं बोचतंय, ते सगळं त्या एका चावण्यात होतं. बावीस वर्षांत तिच्या हातून असं एकही चित्र झालं नव्हतं.

"तक्त्यात नाही," ती स्वतःशीच म्हणाली, पिवळा कागद काचेच्या कडेच्या खुंट्यांवर बसवला आणि तो ओठ सरळ करून टाकला. नियमाने बघितलं तर तिचं बरोबरच होतं. मनाने बघितलं तर ते काय होतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

२

"मकाबेसान, लहान मुलासारखं काय सांडताय?" सेगावा म्हणाला.

दुपारी दोघं कोपऱ्यावरच्या दुकानात गरम सोबा, म्हणजे रश्श्यातल्या शेवया, खायला गेली होती. शिझुएने खाली पाहिलं. तिच्या पांढऱ्या ब्लाउजवर रश्श्याचे तपकिरी डाग पडले होते. रस्सा तिच्या तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून ओघळत होता आणि तिला पत्ताच नव्हता. तिने तिथे चिमटा काढून पाहिला. बोटांना ओठ लागला, ओठाला बोटं लागली नाहीत.

डॉक्टर म्हणाले, मान वाकडी करून दहा-दहा तास बसता, नस आखडली असेल. त्यांनी जीवनसत्त्वाच्या गोळ्या दिल्या. म्हणणं पटण्यासारखं होतं, आणि पटवून घ्यायची तिला गरजही होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मित्सुयोचं पाकीट आलं. धाकटीच्या लग्नाचं कापड निळीत बुडतंय आणि ओरिए बघतेय. बघता बघता तिचा डावा डोळा किंचित बारीक होतो. दिग्दर्शक मागून चालले होते, ते थांबले. कागद स्वतःच्या हाताने फडफडवून म्हणाले, "याला म्हणतात बघणं. हागिवाराबाईंना झालंय तरी काय हल्ली?"

शिझुए हसली. म्हणजे उजव्या बाजूने हसली. ते गेल्यावर तिने पिवळ्या कागदावर दोन्ही डोळे अगदी एकसारखे काढले, बाहुलीचे असतात तसे.

पुढच्या सकाळी स्टेशनाबाहेर ऊन थेट डोळ्यांवर येत होतं. नोव्हेंबरचं तिरपं ऊन, सगळे डोळे बारीक करून चालले होते. शिझुएचा उजवा डोळा मिटला. डावा उघडाच राहिला, सताड, आणि त्यातून पाणी वाहायला लागलं. सिग्नलपाशी शेजारी उभ्या असलेल्या माणसाने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग दिवा हिरवा होईपर्यंत तो बुटांकडे बघत राहिला.

३

शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मालिका लागायची. त्या शनिवारी नववा भाग होता, खिडकीपाशी उभ्या ओरिएचा, जिच्यावर शिझुएने फक्त शिक्का मारला होता. शिझुएची आई गरम टेबलाच्या पांघरुणात पाय घालून संत्री सोलत बघायची. वय अठ्ठ्याहत्तर, पण नजर घारीची.

"ही ओरिए म्हणजे तूच की गं," आई म्हणाली.

"काहीतरीच काय."

"काहीतरी कसं? बघ, बघ आता. मनातून जळतेय आणि ओठाचा कोपरा चावतेय. तू तीन वर्षांची असल्यापासून हे करतेस. तुझ्या मावसबहिणीला बाहुली मिळाली तेव्हा तर रक्त काढलं होतंस. मला वाटलं, तूच स्वतःला काढतेयस."

"मी असं करते?"

"करायचीस. हल्ली नाही करत." आईने एक फोड तोंडात टाकली आणि तिच्याकडे वळून पाहिलं. चघळणं थांबलं. "डोळा काय वटारतेस माझ्यावर?"

शिझुए न्हाणीघरात गेली आणि ओठ चावायचा प्रयत्न केला. कोपरा दाताखाली येईचना. तिथे तो कोपरा असल्याची जाणीवच नव्हती. ती बाई शहाणी होती, रेघेवर पोट भरणारी. अशा गोष्टींवर तिचा विश्वास नव्हता, म्हणून तिने ठरवलं की करून बघायचं आणि विषय संपवायचा.

सोमवारी ती सेगावाच्या फळीपाशी गेली. पाकिटं तिथेच पडून असत आणि एक आड एक शुक्रवारी पुढच्या माणसांकडे जात. डोळ्याच्या कटाचं पाकीट तिने काढलं, त्यातले पिवळे कागद काढून घेतले आणि पाकिटावर शिक्का मारून ठेवलं. सव्वाबाराला तिचा डावा डोळा चुरचुरला. मग लवला. मग आपोआप मिटला आणि उघडला. तिला इतकं बरं वाटलं की रडूच आलं, दोन्ही डोळ्यांतून.

तेवढ्यात सेगावा आला. पाकीट चाळून म्हणाला, "अरे वा, नुसता शिक्का? हागिवाराबाईंना आता दुरुस्तीसुद्धा लागत नाही म्हणायची. सिनेमा त्यांचाच झाला समजा."

तो जेवायला जाईपर्यंत ती थांबली. मग शिक्क्यावर काट मारली आणि पिवळे कागद पाकिटात परत घातले, नीट, तिन्ही भोकं जुळवून. डोळा पुन्हा सताड झाला. हे किती सहज जमलं, याचं तिला नंतर कितीतरी वेळ नवल वाटत राहिलं.

४

चित्र काढणाऱ्या प्रत्येकाच्या टेबलावर तळहाताएवढा आरसा असतो. राग काढायचा तर आधी आरशात रागवायचं, मग काढायचं. शिझुए त्या मंगळवारी पहिल्यांदाच मित्सुयोच्या खुर्चीवर वाकली आणि तिच्या आरशात पाहिलं. आरसा मित्सुयोकडे तोंड करून नव्हताच. तो तिरका ठेवला होता, खांद्यावरून मागच्या रांगेकडे. त्यात शिझुएची खुर्ची दिसत होती, दिवा दिसत होता, चहाचा थर्मास दिसत होता.

"सापडले म्हणायचं आज," मागून मित्सुयो म्हणाली. तिच्या हातात कागदात गुंडाळलेलं भाजकं रताळं होतं. तिने ते मोडलं आणि मोठा तुकडा शिझुएला दिला. "मला वाटायचं, तुला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"अगं, माझा चेहरा म्हणजे तांदळाचा पापड. त्यात बघून मी काय काढणार? पहिल्या वर्षापासून तुझ्याकडे बघूनच काढते. तू काम करताना तुझ्या तोंडावर काय काय चाललेलं असतं, तुला कल्पना नाही. आणि माझ्या पाकिटावर शिक्का मारताना तर विचारूच नकोस." ती हसली. त्या हसण्यात एवढासाही डंख नव्हता, आणि तेच जास्त लागलं. "तू माझ्यावर जळतेस ना, तेव्हा फार सुंदर दिसतेस, शिझुए."

रताळ्याची वाफ शिझुएच्या गालावर येत होती, फक्त उजव्या.

"पण हल्ली काही मिळेनासं झालंय," मित्सुयो हळू आवाजात म्हणाली. "आठवडा झाला असेल. आरशात बघते तर तू भिंतीसारखी. शेवटचा कट माझ्याकडे आहे, तोच बघून सेन्सेई ठरवणार. बरी आहेस ना तू? माझं काही चुकलं का?"

सांगायचं तर हीच वेळ होती. सगळे पिवळे कागद काढून घेतले असते तर चेहरा परत आला असता, हे शिझुएला कळत होतं. मित्सुयोला सिनेमा मिळाला असता, एवढंच. आणि त्या एवढंचपाशी तिचं घोडं अडत होतं. लेखिकेला आवडलेला चेहरा माझा, ओठ माझा, जळणंसुद्धा माझं, आणि नाव हिचं? आधी तिला मित्सुयोच्या हाताचा हेवा वाटत होता. आता तिला स्वतःच्याच चेहऱ्याचा हेवा वाटायला लागला, कारण तो दुसरीच्या कागदावर जाऊन सुंदर झाला होता.

"थंडी फार आहे," ती म्हणाली. "म्हणून असेल."

५

शेवटच्या कटाचं पाकीट बुधवारी दुपारी दोन वाजता आलं. धाकटी सासरी जाते, दार बंद होतं आणि ओरिए आपल्याकडे वळते. वर दिग्दर्शकांची टीप होती : असूया संपली. चेहऱ्यावर काही उरलेलं नाही.

मित्सुयोने ते आठवणीतून काढलं असणार. अकरा चित्रं. शिझुएने ती फडफडवली, मग पुन्हा एकदा. ओरिए वळत होती, आणि वळता वळता जुनं सगळं गळून जात होतं, पण तोंडापाशी काहीतरी लहानसं राहत होतं. क्षमा म्हणावी असं काहीतरी. ते चित्र होतं तसं गेलं असतं तर सिनेमा मित्सुयोचा होता, यात शिझुएला शंका नव्हती.

"काही उरलेलं नाही, असं लिहिलंय," ती पुटपुटली. "इथे उरलंय."

तिने पिवळा कागद बसवला आणि रेघा वगळायला सुरुवात केली. आधी नाकाच्या बाजूची घडी. मग पापणीवरची दुसरी रेघ. मग तोंडापाशी राहिलेलं ते. खाली दुकानात कुणीतरी सायकलमध्ये हवा भरत होतं. पंपाचा आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. दुखत काहीच नव्हतं. एकेक रेघ सोडली की चेहऱ्यावर कुठेतरी गार वाटायचं, ओला टॉवेल ठेवल्यासारखं, आणि मग तिथे काहीच वाटायचं नाही. पहिलं चित्र, दुसरं, पाचवं. अकराव्या चित्रात केसांची आणि गळपट्टीची रेघ होती, आणि मध्ये इतकं थोडं होतं की तक्त्याशी ताडून बघितलं तर चूक कुठे काढावी ते कळलं नसतं.

असूया संपली, असं टिपेत होतं. शिझुए वाट बघत बसली. तिची काही संपली नाही. ती आत होती तिथेच होती, तेवढीच तिखट, फक्त तिला आता बाहेर यायला वाट नव्हती.

पाच वाजले. वस्तीतल्या भोंग्यावर मुलांनी घरी जायची धून वाजली. शिझुएने चहाचं झाकण उचललं आणि ते कुठे लावायचं हे तिला पटकन सापडेना.

जिन्यात तिने पर्समधला पांढरा मास्क घातला. थंडीत निम्मं शहर मास्क घालून फिरतं, कुणी विचारत नाही. डोळ्यांवर तिने केस ओढून घेतले. घरी आई स्वयंपाकघरात मुळा किसत होती. दाराचा आवाज ऐकून ती वळली, हात पुसत दोन पावलं पुढे आली आणि थांबली.

"कोण हवंय आपल्याला?" तिने अदबीने विचारलं.

"आई, मी आहे."

आईने मान तिरकी करून ऐकलं. मग ती परत मुळ्याकडे वळली. किसणी पुन्हा चालू झाली. "आवाज आमच्या शिझुएचा आहे," ती म्हणाली, पण शिझुएशी नाही.

त्या रात्री शिझुएने विचार केला की सकाळी जाऊन पाकीट मागून घ्यावं. सकाळी ती गेलीही. पाकीट सेगावाच्या फळीवर समोरच होतं. तिने ते हातात घेतलं, वरचं मित्सुयोचं नाव वाचलं आणि परत ठेवून दिलं. शुक्रवारी सगळी पाकिटं पुढे गेली.

६

तेरावा भाग तयार झाल्यावर एका सकाळी अकरा वाजता इसोगाई सेन्सेई बघायला आल्या. लहानखुरी बाई, हातात काठी, बोटांवर शाईचे जुने डाग. पडद्याच्या खोलीत त्यांच्या बाजूला दिग्दर्शक, मग सेगावा, मग मित्सुयो. शिझुए शेवटच्या खुर्चीवर. गेले काही दिवस ती मास्क काढत नव्हती आणि जेवणाच्या सुट्टीत कुठे जाते ते कुणाला सांगत नव्हती. कुणी फारसं विचारलंही नव्हतं. माणसं तिच्याशी बोलताना तिच्या खांद्याकडे बघून बोलायला लागली होती.

शेवटचा कट आला. दार बंद झालं, ओरिए वळली, आणि वळून पूर्ण समोर आली. सेगावाने खुर्चीचा हात धरला. पडदा काळा झाल्यावरही बराच वेळ कुणी दिवा लावायला उठलं नाही.

"हे मला जमलं नव्हतं," सेन्सेई शेवटी म्हणाल्या. "चित्रकथेच्या शेवटच्या पानावर मी तिला पाठमोरी काढली, कारण समोरून काढायची मला भीती वाटली. हा चेहरा कोणाचा?"

दिग्दर्शकांनी मित्सुयोकडे पाहिलं. मित्सुयो उभी राहिली आणि म्हणाली, "माझा नाही. माझ्या चित्रांवर पिवळा कागद होता. हा मकाबेचा आहे." तिने हे एका दमात सांगितलं, आणि तिला ते सांगताना किती जड गेलं ते तिच्या पापडासारख्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. ते बघून शिझुएला आतून इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली.

"मग सिनेमा त्यांनीच करायचा," सेन्सेई म्हणाल्या. "ठरलं. या ना, पुढे या."

सेगावाने दिवे लावले. शिझुए पुढे गेली. एवढ्या मोठ्या माणसाला पहिल्यांदा भेटताना तोंड झाकलेलं ठेवणं बरं दिसत नाही. तिने केस कानांमागे सारले, मास्कचे बंद सोडवले आणि मास्क घडी करून खिशात ठेवला.

"मी मकाबे," ती म्हणाली. "आपली कृपा असू द्या."

सेन्सेई हसत होत्या. त्यांचं हसू तसंच राहिलं, फक्त त्यामागून कुणीतरी उठून गेल्यासारखं झालं. काठी हातातून निसटली आणि फरशीवर वाजली. मग त्या कमरेत वाकल्या, खोल, इतक्या मोठ्या बाईने वाकू नये तितक्या खोल. दिग्दर्शकांनी वर पाहिलं आणि तेही वाकले. सेगावा वाकला. मित्सुयो सगळ्यांत शेवटी.

शिझुएनेही वाकून नमस्कार केला, रीतीप्रमाणे थांबली आणि ताठ झाली. बावीस वर्षं तिने हा दिवस मागितला होता, आणि तो असाच, सगळ्यांनी तिच्यापुढे वाकलेला, मागितला होता. चारही डोकी खालीच होती. ती थांबली. सायकलच्या दुकानातून पंपाचा आवाज येत होता. सेन्सेईंच्या मानेवरची शीर उडत होती. कुणीच मान वर करेना.

"शिझुए," मित्सुयो म्हणाली. ती फरशीकडेच बघत होती आणि तिचे खांदे हलत होते. "मास्क घाल गं. घातलास की सांग."